नसलेली दाढ दुखते तेव्हा

माझी खालची डावी दाढ काढून वर्ष उलटलं होतं, आणि दुखत होती ती नेमकी तीच, नसलेली. कुणाला सांगितलं की आधी हसू यायचं. शेजारची काकी तर उंबऱ्यावरूनच म्हणाली, "दांतच ना, मागीर दुखता कितें?" (दातच नाही, मग दुखतं काय?) प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मिळवायला मला दोन वर्षं, सात एक्स-रे आणि एक धडधाकट दाढ खर्ची घालावी लागली.

ते उत्तर इथे मांडते, कारण आमच्या भजनाला गालावर हात धरून बसलेलं एखादं माणूस हमखास असतं आणि त्याचं म्हणणं ठरलेलं: दात काढला तेव्हापासून जबडा काही सुखाने राहू देत नाही. मी डॉक्टर नाही. गोव्यात डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. तेव्हा हे सगळं भोगून, विचारून आणि वहीत टिपून कळलेलं. औषधांची नावं येतील ती नुसती ओळख असावी म्हणून. फार्मसीत जाऊन आपल्या मनाने मागू नका.

चुकून गेलेली दाढ

पहिली दाढ आतून किडून पोकळ झाली होती. शिरगावच्या जत्रेतून आणलेलं कडक खाजें चावलं आणि तिचा अर्धा भाग खाज्याबरोबर बाहेर आला. ती काढली ते योग्यच झालं. भोक भरलं, हिरडी जुळून आली, आणि तीनेक महिन्यांनी त्याच बाजूला जबडा ठणकायला लागला. एका खासगी दवाखान्यात गेले. एक्स-रेत ठळक असं काही नव्हतं, पण शेजारच्या दाढेवर संशय घेतला गेला. "काढून टाकूया, मिटेल." मीही मान डोलावली. दुखण्याला कंटाळलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. ती दाढ गेली, दुखणं होतं तिथेच राहिलं. ती दाढ चांगली होती हे मला पुढे जुने एक्स-रे दाखवल्यावर कळलं.

म्हणून बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं धरून ठेवा: दुखणं कशाचं आहे हे ठरत नाही तोवर पुढचा दात काढू देऊ नका. पू झालाय, दात उभा चिरलाय, मुळाशी काळी सावली दिसतेय, असं काही दाखवता येत असेल तर गोष्ट निराळी. नुसतं "इथेच दुखतंय ना, मग हाच असेल" हे कारण पुरेसं नाही. डॉक्टरांना नम्रपणे विचारावं, "हाच दात दोषी हे कशावरून?" चांगला डॉक्टर रागावत नाही. तो दातावर थंड कापूस लावतो, दांड्याने ठोकून बघतो, हिरडीची खोली मोजतो, कधी तेवढीच जागा सुन्न करणारं इंजेक्शन देऊन दुखणं थांबतं का ते तपासतो. जागा सुन्न झाली तरी दुखणं तसंच राहिलं, तर त्याचं मूळ दुसरीकडे असण्याचा संभव मोठा.

वही धरा

शाळेतली खोड. पण माझ्या बाबतीत निदान पुढे सरकलं ते ओपीजी नावाच्या जबड्याच्या मोठ्या एक्स-रेने नाही, या वहीने. आठ दिवस लिहा. दात कधी काढला आणि दुखणं कधी सुरू झालं, ही दोन टोकं आधी. मग रोज: केव्हा दुखलं, किती वेळ, कशाने सुरू झालं, कशाने थांबलं, कोणती गोळी घेतली. दुखणं कसलं याला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. ठणका, कळ, चटका, चमक, जडपणा, हुळहुळणं, झिणझिण्या: जो खरा तो लिहा. "खूप दुखतं" याचा डॉक्टरला काडीचा उपयोग नसतो. ठणका म्हटलं की तो एका दिशेने विचार करतो, करंट म्हटलं की दुसऱ्या.

मग दुखणारी जागा दाखवून बघा. एका बोटाने अचूक दाखवता येते, की अख्खा तळवा गालावरून फिरवावा लागतो? बोट असेल तर दात, हिरडी, हाड किंवा नस. तळवा असेल तर बहुधा स्नायू किंवा सांधा. हा अंदाज आहे, निकाल नाही.

आरशासमोर तोंड उघडा. आपलीच पहिली तीन बोटं उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का? साधारण मोठ्या माणसाची जातात. जात नसतील तर तेही लिहा. हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला सरकते? कानाच्या पुढे बोटं ठेवून उघडझाप करा, कट्ट असा आवाज येतो का बघा. नुसता आवाज येतो, दुखत नाही, जबडा अडकत नाही, तर त्याची काळजी करू नका. तसा आवाज पुष्कळांच्या जबड्यात असतो. शेवटी दात आवळून धरले की गालावर जो गोळा उठतो तो चेपा, आणि कानशील चेपा. "हेच ते दुखणं" असं वाटलं तर अर्धी वाट इथेच सरली.

माझ्या वहीत काय निघालं? सकाळी उठताना सगळ्यात जास्त. भजनानंतर जास्त. बँकेच्या रांगेत उभी असताना, लेकाचा फोन आला नाही त्या रात्री, जास्त. थंड पाण्याने काहीच नाही. किडलेला दात लेकाचा फोन आला की नाही हे बघत नाही.

वही बाजूला ठेवून उठायचं ते केव्हा

काही लक्षणांना आठ दिवस देऊ नयेत. चालताना, चढ चढताना जबडा दुखतो, थांबलं की थांबतो. किंवा जबड्याबरोबर छातीत दडपण, घाम, दम, हाताला कळ. हे दाताचं नाही, हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा, दंतवैद्याला नको. जबड्याखाली सूज, ताप, थुंकी गिळता न येणं, श्वास अडखळणं, ह्यालाही तीच वाट.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला जेवताना जबडा भरून येतो, चावणं थांबवलं की बरं वाटतं, डोकं विंचरताना कानशिलाकडची कातडी हुळहुळते आणि नजर मध्येच अंधुक होते, तर ती कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. तिच्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर.

आणि शांतपणे येणारी लक्षणं जास्त फसवी. काहीच कारण नसताना खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, काढलेल्या दाताचं भोक तीन आठवडे झाले तरी न भरणं, किडीशिवाय दात हलणं, मानेत गाठ. तंबाखू, मशेरी, सुपारी, गुटखा यांतलं काही चालू असेल तर हे वाक्य दोनदा वाचा. सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड दर वर्षी थोडं थोडं कमी उघडतं. लोक त्याला "दाढ काढल्यामुळे जबडा आखडला" म्हणतात. दाढेचा काही दोष नसतो.

दात काढून किती दिवस झाले, त्यावर पुष्कळ ठरतं

काढल्यानंतर दोन ते चार दिवसांत, सुरुवातीला बरं वाटून मग एकदम कानापर्यंत जाणारा ठणका आणि तोंडाला घाण वास: बहुधा भोकातली रक्ताची गाठ निघून गेलेली असते आणि हाड उघडं पडलेलं असतं. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त. डॉक्टर भोक धुऊन औषधी पट्टी भरतात, आराम त्याच दिवशी पडायला लागतो आणि आठ-दहा दिवसांत प्रकरण मिटतं. घरी फेणीची गुळणी धरून बसू नका. आमच्याकडे हा उपाय मोठ्या श्रद्धेने सांगितला जातो. त्याने सांगणाऱ्याला बरं वाटतं एवढंच. लवंगतेलही भोकात ओतू नका, हिरडी भाजते.

काही आठवडे, महिने झाले आणि एकाच जागी बोचतं, मधूनच सूज येते, खारट-कडू चव येते, तर मुळाचा तुकडा राहिला असेल, हाडाचा कण वर येत असेल किंवा हाडात जंतुसंसर्ग असेल. हे एक्स-रेत दिसतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आहे का हेही आधी बघायला हवं, नाहीतर भरणारं भोकही भरत नाही.

बायकांनी एक गोष्ट न विसरता सांगायची: हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं, वर्षाचं इंजेक्शन चालू आहे का. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड, डेनोसुमॅब अशी ती नावं. क्वचित, पण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं राहतं. गुडघ्याच्या डॉक्टरने दिलेली गोळी दाताच्या डॉक्टरला कशाला सांगायची, असं माझ्या जावेला वाटलं होतं. दात काढण्याच्या आधीच सांगायची, आणि आपण होऊन ती बंदही करायची नाही. जबड्याला किरणोपचार झालेल्या माणसालाही हेच लागू.

वरची दाढ गेली असेल तर गालाच्या हाडामागची सायनसची पोकळी तिच्या मुळांना अगदी लागून असते. गुळणी करताना पाणी नाकातून आलं तर लगेच दाखवा. आणि वाकल्यावर गाल जड होतो, सर्दीबरोबर दुखणं वाढतं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरचाही विचार करा.

गेलेल्या दाताचे शेजारी हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलंडतात, समोरच्या जबड्यातला दात लांबल्यासारखा खाली किंवा वर येतो. मग चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, बिघडतो, अन्न अडकतं, तिथल्या हिरड्या दुखतात. हे खरं आहे. पण "दाढ नाही म्हणून जबड्याचा सांधा झिजला" असं जे सर्रास सांगतात, त्यात फारसं तथ्य नाही. नेदरलँड्समधल्या दंततज्ज्ञांनी १९८१ पासून मांडलंय की मागच्या काही दाढा नसल्या तरी पुढच्या-मधल्या दातांच्या पुरेशा जोड्या जुळत असतील, तर पुष्कळ माणसांचं नीट चालतं. म्हणजे दाढ गेली की इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) हवंच, नाहीतर जबडा जाणार, या धाकाला भिऊन पैसे भरू नका. चावायला बरं पडावं म्हणून बसवायचं तर जरूर बसवा. दुखणं थांबावं म्हणून बसवत असाल तर आधी दुखण्याचं नाव विचारा.

कवळी आणि पार्शल

दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड रिकामं होतं आणि झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. खालचा जबडा वरच्यापेक्षा अधिक झिजतो. म्हणून वरची कवळी घट्ट बसलेली असते आणि खालची मात्र होडीसारखी हलते. पाच-सहा वर्षांपूर्वी बरोबर बसणारी कवळी आज बसत नाही तेव्हा बिघडलेली कवळी नसते, खालची जमीन खचलेली असते. आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते, किंवा नवी करावी लागते. झिजलेल्या खालच्या हिरडीवर, हनुवटीच्या थोडं बाजूला, एक नस वर येऊन पोचते. कवळीची कड तिथे दाबली की चावताक्षणी ओठात चमक जाते. कवळी काढून त्या जागी बोटाने दाबा. तीच चमक आली तर डॉक्टरला ती जागा दाखवा. तेवढा भाग आतून मोकळा करून देतात.

डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी कवळी आवर्जून घाला. पुष्कळ लोक दुखते म्हणून आठवडाभर डबीत ठेवतात आणि मग खुर्चीत बसतात. हिरडीवरचा लाल डाग तोवर मिटलेला असतो आणि डॉक्टरला कुठे घासायचं ते कळत नाही. घरी कानशीने घासू नका. आमच्या वाड्यावर एका गृहस्थांनी पॉलिश पेपर लावला होता. दुखणं गेलं, त्याबरोबर कवळीही. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही झोप हवी.

माझी पार्शल, म्हणजे गेलेल्या काही दातांपुरती कवळी, अशीच एका बाजूला केसभर उंच होती. तोंड मिटलं की ती आधी टेकायची. तेवढ्या केसभरासाठी मी वर्षभर उजव्या बाजूनेच चावत होते, आणि डावी बाजू नकळत आवळून धरत होते.

करंटसारखं दुखणं

हे वेगळं प्रकरण, आणि सगळ्यात जास्त दात ह्याच्या नावावर फुकट जातात. माझ्या दिरांचे तीन गेले. दाढी करताना रेझर गालाला लागला, स्कूटरवर मांडवीच्या पुलावर वारा लागला, ब्रश फिरला, की विजेचा झटका. काही सेकंदांचा, फार तर दोनेक मिनिटांचा. मग काही नाही. मग पुन्हा. ते चहाचा कपसुद्धा ओठाला लावायला भ्यायचे. चेहऱ्याला संवेदना देणारी जी तीन फांद्यांची नस आहे तिचं हे दुखणं: ट्रायजेमिनल न्युराल्जिया. बहुतेक वेळा एकाच बाजूला. त्यावर पॅरासिटामॉल, ब्रुफेन चालत नाही. कार्बामाझेपिनसारखं औषध लागतं, ते लहान मात्रेने सुरू करून वाढवतात. सुरुवातीला गरगरतं, झोप येते. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टरला कळवायचं, आणि मधून रक्ताची तपासणी करायची, सोडियम कमी होतं का बघायला. एमआरआयही काढतात. दिरांना गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरॉलॉजीला, म्हणजे मेंदू-नसांच्या विभागात, दाखवलं, आणि दोन आठवड्यांत त्यांनी दाढी केली. आमच्या घरात त्या दाढीचा सण झाला.

दुसरा प्रकार झटक्याचा नाही, सततच्या जळजळीचा. दात काढताना, विशेषतः खालची अक्कलदाढ काढताना, नस दुखावली तर त्या जागी बधिरपणा आणि आग दोन्ही एकत्र राहू शकतात. मऊ ब्रश, गार हवाही टोचते. आणि काही जणांच्या बाबतीत एक्स-रे, तपासणी सगळं स्वच्छ असून जागा दुखतच राहते. ती माणसं खोटं बोलत नसतात. नसेला दुखण्याची सवय जडलेली असते. इथे पुन्हा कोरणं, पुन्हा काढणं, घाईने इम्प्लांट घालणं यांनी दुखणं वाढू शकतं. औषधं दिली जातात ती गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, किंवा अॅमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या मात्रेत. फार्मसीतला पोरगा आवाज खाली आणून "ही मानसिक आजाराची गोळी हां" असं सांगेल. तीच गोळी कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावर देतात. लाजू नका, आणि एकदम बंदही करू नका.

माझं निदान

डिचोलीहून कदंबाची बस पणजीला, तिथून दुसरी बांबोळीला. गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, गोमेकॉच्या शेजारी. सकाळी लवकर निघा, बरोबर पाण्याची बाटली, जुने सगळे एक्स-रे, चालू औषधांची यादी आणि ती वही. मला तपासणारी डॉक्टर पंचविशीतली पोर. "आ करात, बाई," म्हणाली. (बाई कशी काय म्हणाली? हातातली वही आणि तिच्यातल्या आखलेल्या ओळी बघून, असं नंतर हसत सांगितलं.) तिने एक्स-रे बाजूला ठेवले आणि दोन्ही गालांचे स्नायू बोटांनी चेपत चेपत वरपासून खाली आली. जबड्याच्या कोनाच्या जरा वर तिने दाबलं आणि मला नसलेल्या दाढेत कळ आली. "हीच का ती?" हीच ती. दुखत होता स्नायू, आणि दाढ दाखवत होता. तिने मग तिच्या सरांना बोलावलं, त्यांनीही दाबलं, आणि दुसऱ्यांदा कळ आल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखल्यामुळे नव्हे.

झोपेत दात खाण्याची आणि जागेपणी आवळण्याची सवय, एका बाजूने चावणं, वरून ती उंच पार्शल. पार्शल घासून बरोबर केली, दहा मिनिटांचं काम. बाकीचं काम घरी होतं.

घरी काय केलं

सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे. दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले असायचेच नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटलेले. दात लागायचे ते फक्त चावताना आणि गिळताना. जिभेची जागा कुठे? "न" म्हणा. "नळ"मधला न. जीभ जिथे टेकली तिथेच ठेवा, अलगद. ३१ वर्षं पोरांना न शिकवला, त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. आठवण राहावी म्हणून मी फ्रिजच्या दारावर, आरशावर आणि फोनच्या मागे खडूच्या रंगाचे ठिपके चिकटवले. ठिपका दिसला की तपासायचं: दात लागलेत का? पहिल्या दिवशी प्रत्येक ठिपक्यापाशी लागलेले होते.

जीभ तशीच टाळूला ठेवून तोंड हळू उघडायचं, जेवढं जीभ न सुटता उघडेल तेवढंच, आणि मिटायचं. सहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. आरशात बघून, हनुवटी सरळ रेषेत. दुखेपर्यंत ताणायचं नाही.

गरम पाण्यात टॉवेल पिळून गालावर १५ ते २० मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, मग बोटांनी गोल गोल चोळायचं. सूज-पू असेल तिथे हा शेक नाही, स्नायूच्या दुखण्याला आहे.

खाण्याचं आपल्याकडे सोपं. दोन-तीन आठवडे मऊ खा म्हणून डॉक्टर सांगतात तेव्हा इतर ठिकाणचे लोक हवालदिल होत असतील. आम्हाला उकड्या तांदळाची पेज आहे, नाचण्याचं तिझन आहे, मऊ शिजवलेलं खतखतें आहे, माशाचं हुमण आहे. बंद काय? खाजें, काकणं (बांगडीसारखे कडक पाव), सुपारी, ऊस, चणे, च्युइंग गम, कैरी दाताने फोडणं. पाव तोणाकात, म्हणजे रश्श्यात, बुडवून. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचा. पण पेजेवर महिनोन्महिने राहू नका. दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीच्या जेवणावर या, नाहीतर स्नायू आणखी दुबळे होतात.

जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. फोन खांदा आणि गालात अडकवून बोलायचं नाही. पालथं झोपायचं नाही. झोपेत दात खाणाऱ्यांना डॉक्टर मापाची पट्टी करून देतात, रात्री घालायची; ती दातांची झीज वाचवते आणि पुष्कळांना सकाळी बरं वाटतं. मात्र ती मापाची हवी. चावा सुधारतो म्हणून चांगले दात घासून घ्यायचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. घासलेला दात परत वाढत नाही.

गोळ्यांबद्दल थोडंच. ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या काही दिवस चालतात, पण रक्तदाब, मूत्रपिंड, पोटाचा व्रण किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर विचारल्याशिवाय नाही. महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून जास्त वेदनाशामक पोटात जायला लागलं की गोळीच डोकेदुखी देऊ लागते. मी त्या टप्प्याला पोचले होते. आणि अँटिबायोटिक स्नायूच्या दुखण्यावर काही करत नाही. मी तिचे तीन कोर्स संपवले होते, तेव्हा हे जरा रागाने लिहिते आहे.

किती दिवसांत फरक? पहिले तीन आठवडे काही नाही. पाचव्या आठवड्यात वहीत एक दिवस कोरा गेला. साधारण तीन महिन्यांनी कोरे दिवस जास्त झाले. दोन-तीन महिने मनापासून करून काहीच फरक नसेल तर पुन्हा तपासून घ्या, तोंडाच्या दुखण्याच्या किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागात, फिजिओथेरपीतही. कधी दोन कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, माझ्यात होतीच.

आता वहीत महिन्यातून एखादी नोंद पडते. पार्शल दाखवायला सहा महिन्यांनी जाते. पुढची तारीख डॉक्टरने चतुर्थीच्या आधीची दिली होती, मी चतुर्थीनंतरची मागून घेतली. पाच दिवस घुमट वाजवत आरत्या, आणि आमच्याकडे आरती हळू आवाजात म्हणत नाहीत. काय बिघडायचं ते त्या पाच दिवसांत बिघडेल, मग एकदमच दाखवेन. रात्रीच्या शेकासाठी टॉवेल मात्र आत्ताच वेगळा काढून ठेवलाय.